सोय नसल्याचा दाखला

पासष्ट सालच्या पाडव्याला ईट गावच्या स्टँडाजवळचा एक रांजण गळायला लागला. झालं होतं ते एवढंच. आता रांजण गळायला लागला तर माणूस काय करतो? कुंभाराकडे जातो, नवा आणतो आणि जुन्यात तुळस लावतो. पण हा रांजण गळताना नेमका अंबादास गुरुजींनी पाहिला आणि तिथंच सगळं बिघडलं.

गुरुजी म्हणजे शाळेतनं दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले मास्तर. निजामाच्या वेळी उर्दूत हजेरी मांडली, नंतर मराठीत मांडली, पण दोन्हींत कधी खाडाखोड केली नाही. पूर्वीचं सरकार घ्यायला यायचं, आताचं द्यायला येतं, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. सोलापूरचा पेपर गावात दुसऱ्या दिवशी पोचायचा. गुरुजी तो छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. त्यातही बातम्यांपेक्षा सरकारी योजनांच्या जाहिरातींवर त्यांचा जीव जास्त. शेळीपासून संडासापर्यंत कशाला काय मिळतं हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी एक कागद मागितला नव्हता, हेही सांगून टाकायला हवं.

तर हा रांजण शिवम्माच्या पाणपोईचा. गुरुजींच्या घरासमोर मोठा कडुनिंब आहे. त्याच्याखाली पाचटाच्या छपरात ओलं पोतं गुंडाळलेले तीन रांजण दर पाडव्याला मांडले जायचे आणि मृगाला उचलले जायचे. शिवम्माच्या नवऱ्यानं पाणपोई सुरू केली. तो जाताना एवढंच म्हणाला होता, "उन्हाळ्यात रांजण कोरडा पडू देऊ नगं." त्याला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस उन्हाळ्यांत एक दिवस खाडा नाही. समोरच्या गुरुसिद्धप्पाच्या आडाचं पाणी शेंदायचं, रांजण भरायचे आणि दिवसभर ओगराळं हातात धरून बसायचं. येणाऱ्याला पाणी द्यायचं, जात विचारायची नाही. आळंदकडची बाई, बोलायची थोडं, तेही अर्धं कानडीच्या वळणाचं.

"एक रांजण गेला बगा," ती त्या दिवशी म्हणाली.

गुरुसिद्धप्पा आपल्या धान्याच्या आडतीच्या पायरीवर बसलेला होता. बसलेलाच असायचा बिचारा. ज्वारी आता सरकारच खरेदी करणार, जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी, म्हणून त्याच्या आडतीत त्या वर्षी चिमण्या नांदत होत्या. तो म्हणाला, "त्यात काय? दुपारी कुंभाराकडं जातो, घिऊन येतो."

"थांबा!" गुरुजी ओट्यावरनंच ओरडले. चष्मा कपाळावर, हातात पेपर. "कुंभाराकडे कशाला? योजना आहे."

योजना खरोखरच होती. ज्या गावी वाटसरूंना पिण्याच्या पाण्याची सोय नाही, तिथं खात्याकडनं सिमेंटची टाकी, पितळी नळ, पत्र्याची शेड आणि नेमलेला माणूस. गुरुजींनी जाहिरात मोठ्यानं वाचून दाखवली, दोनदा.

गुरुसिद्धप्पानं कान खाजवला. "गुरुजी, ह्यात सरकार कशाला पायजे? पाणी आडात हाय, आड माझा हाय, शेंदायला शिवम्मा हाय, प्यायला तानेला माणूस हाय. मधी कुणाची जागाच रिकामी न्हाय."

"उद्या तुमची मर्जी फिरली आणि तुम्ही आडाला कुलूप लावलं म्हणजे? शिवम्मा काय जन्माला पुरणार आहेत? सरकारी सोय कायमची असते."

मुद्दा बिनतोड होता. गुरुसिद्धप्पानं आडतीकडं बोट केलं. "व्हय, माझ्या ज्वारीचीबी कायमची सोय केलीया त्यांनी. बघा की, एक दाणा ऱ्हायला न्हाय."

शिवम्मानं एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, सिमिटाच्या टाकीत पाणी गार ऱ्हातंय का हो?"

"त्याचा विचार तज्ज्ञांनी केलेला असणार," गुरुजी म्हणाले आणि दौत-टाक काढायला घरात गेले.

अर्ज असा झाला की फ्रेम करून लावावा. गुरुजींनी त्यात खरी हकीगत लिहिली: तीन रांजण आहेत, पैकी एक गळतो, अर्जदार बाई वृद्ध असून एकोणीस वर्षं पाणी पाजत आहे. बारा दिवसांनी तो परत आला. त्यांच्या अक्षरावर कुणीतरी तिरका लाल शेरा मारला होता: "सोय असल्याने अपात्र." शेऱ्यापेक्षा त्यातल्या अक्षराचं गुरुजींना जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी धोतर-कोट घालून ते पहिल्या एस्टीनं तालुक्याला गेले. खात्याच्या ऑफिसात टेबलामागं शिवशरण बसलेला. हा त्यांचाच विद्यार्थी, पाढ्यांत कच्चा होता पण मुलगा सालस. त्यानं उठून पाया पडून खुर्ची दिली.

"गुरुजी, माझा इलाज न्हाय. सोय हाय असं तुमीच लिवलंय. योजना सोय नसलेल्यांसाठी हाय."

"अरे, सोय गळकी आहे."

"गळकी असली तरी हायच की. बाकीची गावं सरळ 'नाही' लिवून मोकळी होतात."

"खोटं लिहू? या हातानं?"

शिवशरणनं आपला तळहात टेबलाखाली घेतला. खोटं लिहिल्याबद्दल त्याच हाताची छडी त्यानं खाल्लेली होती. गुरुजी जायला उठले तेवढ्यात भिंतीशी रचलेली पत्र्याच्या बोर्डांची थप्पी त्यांना दिसली. निळा रंग, वर पांढरी अक्षरं, "शासकीय पेयजल केंद्र" आणि खाली गावाचं नाव. त्यांनी ती चाळली, तर वरनं तिसरा बोर्ड ईटचा.

"हे काय? मंजुरी नाही आणि बोर्ड तयार?"

"बोर्डाचं टेबल वेगळं हाय गुरुजी. बोर्ड आधी येतात. टाक्या मागनं."

आपल्या गावाचं नाव तसं ऑइलपेंटात गुरुजींनी कधी पाहिलं नव्हतं. एस्टीवरसुद्धा खडूनं लिहायचे. ते पुन्हा खाली बसले. "समजा, सोय बंद केली तर?"

शिवशरणनं नियमांची फाइल उघडली, बोट फिरवत गेला आणि मान वर केली. "बंद केली म्हंजी सोय न्हाय. सोय न्हाय म्हंजी तुमी पात्र. फकस्त पंचायतीचा दाखला लागंल सोय नसल्याचा, आन् सायेब बघायला येतील तवा रांजण दिसायला नगं."

"कधी येतील?"

"आठ दिवसांत."

झालं! दुसऱ्या कुणी अर्जात 'नाही' लिहिलं असतं आणि रांजण होते तिथंच ठेवले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गुरुजी पडले सत्यवचनी. कागद खोटा लिहायचा नाही म्हणून त्यांनी गाव कागदासारखं करायचं ठरवलं.

शिवम्माला हे सांगणं सोपं नव्हतं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "अय्यो, खाडा पडंल की गुरुजी."

"आठ दिवस फक्त. पुढं जन्मभर नळ. मी शब्द देतो."

गुरुजींनी तिची सगळी पत्रं लिहिली होती, लेकीच्या बाळंतपणाची, भावाच्या मरणाची. त्यांनी वाचलं ते खरं आणि लिहिलं ते खरं, असाच तिचा आजवरचा व्यवहार. तिनं ओगराळं पदराला पुसलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही रांजण तिच्या ओसरीत उपडे पडले, छप्पर मोडलं आणि पंचायतीनं शिक्का मारून दाखला दिला: ईट येथे स्टँडाजवळ वाटसरूंसाठी पिण्याच्या पाण्याची कोणतीही सोय नाही. गुरुजींनी तो वाचला आणि त्यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे याचं त्यांना समाधान वाटलं.

ते समाधान बाजारच्या दिवसापर्यंत टिकलं. चैत्रातलं ऊन, दहा वाजता फुफाटा तापलेला. वाड्यावस्त्यांवरनं माणसं चालत येत, सवयीनं कडुनिंबाखाली जात आणि तिथं नुसती मोकळी जागा बघून एकमेकांच्या तोंडाकडं पाहत. दुपारी डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई तिथं आली, पाटी उतरवली आणि घेरी येऊन तिथंच बसली. गिरिजाबाई, म्हणजे गुरुजींची बायको, तांब्या घेऊन पळाल्या. बाईच्या तोंडावर पाणी मारलं, दोन घोट पाजले आणि घरात येऊन त्यांनी तो रिकामा तांब्या गुरुजींसमोर ठेवला.

"हे बरं झालं का?"

"अगं, आठच दिवस—"

"तहान आठ दिवस थांबते का? मी देणार पाणी. घरातनं देणार. काय करायचं ते करा."

गुरुजींना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण घराच्या पुढच्या दारात पाणी दिलं तर ती सोय झाली, आणि साहेब कोणत्या मिनिटाला येतील याचा नेम नव्हता. शेवटी नवरा-बायकोत तह झाला. पाणी द्यायचं, पण मागच्या दारानं, गोठ्यातनं, एकेकाला आणि आवाज न करता.

आता ईटसारख्या गावात पंधरा-वीस माणसं दिवसभर एका रिटायर मास्तराच्या मागच्या दारानं एकेक करून आत जातात आणि मिशा पुसत बाहेर येतात, याचा अर्थ लोकांनी काय लावावा? दारूबंदी होती. गावात हातभट्टी कुठं मिळते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ब्राह्मणाच्या गोठ्यात ही नवीच खबर. चौथ्या दिवशी हवालदार आला. त्यानं वैरण उपसली, गिरिजाबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांत डोकावून पाहिलं, मग चुलीजवळच्या घागरीतनं तांब्या भरला, नाकाला लावला, जिभेला लावला आणि शेवटी सगळा पिऊन टाकला.

"पाणीच हाय की वो!" त्याचा आवाज पडला.

"मग काय असणार?" गुरुजींनी त्याच्या हातातला तांब्या काढून घेतला. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना शिपायानंसुद्धा उलट प्रश्न केला नव्हता.

"मग लपवून कशापायी पाजता?"

"सरकारी कामासाठी," गुरुजी म्हणाले.

हवालदारानं टोपी डोक्यावर घातली. जाताना त्यानं गिरिजाबाईंना हळूच सांगितलं, "बाई, उनाचं यांना भाईर फिरू देऊ नका."

गोष्ट तासाभरात आडतीच्या पायरीवर पोचली होती. गुरुसिद्धप्पा हसला नाही, हे त्याचं मोठेपण. त्यानं नुसतं विचारलं, "गुरुजी, पाणी चोरून पाजायची पाळी आली व्हय?"

"काम एवढं मोठं आहे म्हटल्यावर थोडा त्रास व्हायचाच."

"मोठं कुठलं? घोटभर पाण्याचं काम. बगा, माझी ज्वारी चोरून न्यायची म्हनली तर गुन्हा, उघड न्यायची म्हनली तर परमिट. तवा वाटायचं, ह्यो जाच व्यापाऱ्यालाच हाय. आता कळलं, आमचं नशीबच तुमच्यापतुर आलं."

गुरुजी उठले आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस्टीची चौकशी करायला स्टँडाकडं गेले.

आठाचे पंधरा दिवस झाले, पंधराचे तीस. गुरुजी चार वेळा तालुक्याला जाऊन आले. एकदा साहेब अल्पबचतीच्या दौऱ्यावर होते. एकदा जीप होती पण पेट्रोलची सही नव्हती. एकदा फाइल जिल्ह्याला गेली होती, कारण टाकी गोल की चौकोनी हे खालच्या पातळीवर ठरवता येत नव्हतं. चौथ्या खेपेला शिवशरण म्हणाला की दाखला महिन्याच्या वर जुना झालाय, सोय अजूनही नाही असा ताजा दाखला आणावा. गुरुजींनी आणला. पंचायतीत शिक्का मारणारा माणूस या वेळी त्यांच्या डोळ्याला डोळा देईना.

पण गुरुजींना खरं टोचत होतं ते वेगळंच. शिवम्मा रोज सकाळी कडुनिंबाखाली यायची, जागा झाडायची, सडा टाकायची आणि ओगराळं मांडीवर घेऊन नुसती बसायची. कुणी पाणी मागितलं की म्हणायची, "टाकी येनार हाय बाबा. गुरुजींनी शबूद दिलाय." गुरुजींची बसायची जागा नेमकी कडुनिंबाकडच्या खिडकीशी. त्यांनी खुर्ची हलवली. मग पेपर वाचायला उजेड पुरेना, म्हणून पुन्हा तिथंच आणली.

एक्केचाळिसाव्या दिवशी, भर बाजारात, बारा वाजता साहेबांची जीप आली. आली म्हणजे कडुनिंबापर्यंत कशीबशी पोचली आणि बॉनेटमधनं वाफ सोडत उभी राहिली. साहेब वयानं लहान, गोरे, त्या वेळी टोमॅटोसारखे लाल झालेले. ते उतरले आणि झाडाच्या बुंध्याला टेकले. बाजारातली माणसं भोवती गोळा झाली. गुरुसिद्धप्पाही पायरी सोडून आला. गुरुजी कोटाची बटणं लावत, फाइल छातीशी धरून धावले.

"नमस्कार साहेब. मी अर्जदाराचा लेखक—"

"ते मागाहून," साहेब म्हणाले. ओठ सुकलेले, आवाज घोगरा. "आधी पाणी आणा हो थोडं. वाटेत कुठं मिळालं नाही."

गुरुजींच्या फाइलमध्ये वरती ताजा दाखला होता. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि वर्गात सांगावं तशा स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "साहेब, इथं पिण्याच्या पाण्याची सोय नाही."

खिडकीत गिरिजाबाई उभ्या होत्या. आपण काय बोललो हे गुरुजींना बोलल्यावर ऐकू आलं. साठ वर्षांत दारात आलेल्या भिकाऱ्यालाही त्यांनी पाणी नाही असं म्हटलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. "म्हणजे..." ते म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

शिवम्मा उठली. कुणाला काही न विचारता जवळच्या आपल्या ओसरीतनं आत गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. साहेबांनी तो एका दमात संपवला. दुसरा संपवला. तिसऱ्यातला निम्मा डोक्यावर ओतला. ड्रायव्हरनं तोवर गुरुसिद्धप्पाच्या आडावरनं दोन बादल्या आणून जीपलाही पाजलं.

"वा!" साहेबांना बोलता यायला लागलं. "काय गार पाणी हो बाई. कशातलं?"

"रांजणातलं. घरात एक हाय. भाईरचे तिन्ही उपडे घातल्यात."

"का बरं?"

"तुमी येनार म्हनून."

साहेबांना ते नीट कळलं नसावं. त्यांनी फाइल मागितली, गुडघ्यावर ठेवली आणि पेन उघडलं. गुरुजींचं अक्षर बघून मान डोलावली. "छान. कागद अगदी पक्के आहेत. रांजण नाही, शेड नाही, सोय नाही. पात्र म्हणून शिफारस करतो."

एवढ्यासाठी एक्केचाळीस दिवस! समोर टाकी, नळ, शेड, सगळं आल्यातच जमा होतं. शिवम्माला दिलेला शब्द पुरा व्हायला एका सहीचं अंतर होतं. सही व्हायला लागली आणि गुरुजींनी चक्क साहेबांच्या पेनावर हात ठेवला.

"साहेब, तुम्ही आत्ता अडीच तांबे पाणी प्यालात."

"बरं मग?"

"ते लिहिलं नाहीत."

"अहो गुरुजी," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ते लिहिलं तर टाकी जाईल तुमची."

"जाऊ द्या. पण तुम्हाला इथं पाणी मिळालं. मी नाही म्हणालो ते खोटं बोललो. कागदावर खोटं राहायला नको." त्यांनी पेनावरचा हात काढला. "लिहा, मागताच मिळालं."

साहेब भले गृहस्थ. त्यांनी खांदे उडवले आणि लिहिलं: मागताच पाणी मिळाले, सबब अपात्र. मग ड्रायव्हरनं जीपच्या मागनं निळा बोर्ड काढला आणि बुंध्याला टेकवून ठेवला.

"अहो, अपात्र म्हणालात ना?" गुरुसिद्धप्पा म्हणाला. "मग ह्यो कशाला?"

"बोर्ड ईटच्या नावावर निघालाय. परत घ्यायची तरतूद नाही," साहेब म्हणाले, आणि थंड झालेली जीप निघून गेली.

गुरुजी शिवम्मापुढं उभे राहिले. "शिवम्मा, माझा शब्द खाली पडला. तुमचा खाडा पडला तोही माझ्यामुळं."

शिवम्मानं ओगराळं उचललं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता. "रांजण कदी आननार ते सांगा."

गुरुजींनी कोट काढून खिडकीतनं आत फेकला आणि ते तडक कुंभाराकडं गेले. पाव तासात नवा रांजण खांद्यावर घेऊन परत आले. हो, पाव तासात! गुरुसिद्धप्पानं माणसं लावून छप्पर उभं केलं, गिरिजाबाई आडाचा पोहरा ओढायला लागल्या, आणि बाजार उठायच्या आत तिन्ही रांजण भरून पोत्यांत गुंडाळून तयार झाले. दोन रांजणांना जुनी झाकणं होती. तिसऱ्याला मात्र नव्हतं. शिवम्मानं इकडंतिकडं पाहिलं, बुंध्याला टेकवलेला निळा पत्रा उचलला, पदरानं पुसला आणि रांजणावर आडवा ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण योगायोगानं अक्षरं वरच्या बाजूला आली.

बाजार करून परत निघालेला एक म्हातारा पाण्याला थांबला. त्याला थोडं वाचता येत होतं. त्यानं पत्र्यावर बोट फिरवत एकेक अक्षर जुळवलं आणि गुरुजींना विचारलं, "गुर्जी, ही पानपोई सरकारनं काढली व्हय?"

गुरुजींनी पत्रा बाजूला केला आणि ओगराळं बुडवलं.

"झाकण तेवढं सरकारचं आहे," ते म्हणाले. "पाणी शिवम्माचं. ओंजळ करा."